व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीच्या केंद्रांचे जुने आकडे आठवतात का बघा. मुंबई ५५८. नागपूर ५८५. पुणे ७९२. जळगाव ९६३. परभणी १३०५. आणि आमचं तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, १५२१. आता प्रत्येक संख्येतले अंक मिळवा. पाच, पाच आणि आठ म्हणजे अठरा. एक आणि आठ नऊ. एक, पाच, दोन, एक, पुन्हा नऊ. मध्यम लहरींवरचं कोणतंही केंद्र घ्या, हाती नऊच उरतात.

यात ज्योतिष नाही, वाटणी आहे. १९७५ साली जिनिव्हात देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि युरोप, आफ्रिका, आशिया यांच्यासाठी मध्यम लहरींचा पट्टा त्यांनी मोजून वाटला. दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर हवं, आणि प्रत्येक केंद्राचा आकडा नवाच्या पाढ्यातलाच हवा, असं ठरलं. २३ नोव्हेंबर १९७८ पासून ही वाटणी लागू झाली. सगळा पट्टा मिळून घरं भरली साधारण १२०. एवढ्या १२० घरांत आयर्लंडपासून जपानपर्यंतची शेकडो केंद्रं बसवायची होती. म्हणजे एका घरात अनेक बिऱ्हाडं आली. भांडण होऊ नये म्हणून ती एकमेकांपासून लांब लांब ठेवली, इतकंच.

आमच्या १५२१ या घरातही आम्ही एकटे नव्हतो. औरंगाबादचा प्रक्षेपक एक किलोवॅटचा. त्याच आकड्यावर सौदी अरेबियात, तांबड्या समुद्राच्या काठी दुबा नावाच्या गावी, दोन हजार किलोवॅटचा प्रक्षेपक होता. दिवसा त्याचा आम्हाला काही त्रास नव्हता. मी कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा. अब्बांच्या मर्फी रेडिओवर दुपारी औरंगाबाद खणखणीत लागे. बाजारभाव, शेतीचा कार्यक्रम, लोकगीतं, सगळं. रात्र चढली की मात्र मराठी निवेदनाच्या पाठीमागून कुणीतरी अरबीत बोलू लागे. आवाज वर यायचा, खाली जायचा, मध्येच मराठीला गिळून टाकायचा. अब्बा चिडून काटा इकडेतिकडे करायचे. दादी मात्र डोक्यावर पदर ओढून घ्यायची आणि म्हणायची, ‘‘रहने दे रे, मक्के का आवाज है.’’ ते बहुधा तिकडच्या बातम्या असायच्या. पण दादीला ते सांगणार कोण?

रात्रीच असं का व्हावं? जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर वातावरणाचा एक थर आहे. सूर्यप्रकाशात तो विद्युतभारित होतो आणि मध्यम लहरींना शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरून जातो. मग लहरी आणखी वर जातात, तिथल्या थरांवर आपटून खाली येतात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर जाऊन उतरतात. दिवसा ज्याचा पल्ला जिल्ह्यापुरता, तो रात्री परदेशी पाहुणा होतो. जिनिव्हात वाटणी करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. पण १२० घरांत जग बसवायचं तर कुणाची ना कुणाची झोपमोड होणारच होती.

आकाशवाणीत या प्रकाराला सभ्य शब्द होता, ‘व्यत्यय’. व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत, असं निवेदिका इतक्या शांतपणे म्हणायची की राग जिरून जायचा. मला आज या व्यत्ययाचीच गोष्ट सांगायची आहे. आकाश कुणाचं, या प्रश्नाचा शंभर वर्षांचा सगळा इतिहास या एका शब्दात आहे.

सुरुवातीला आकाशाला मालकच नव्हता. ज्याच्याकडे यंत्र, तो बोले. त्याची किंमत १४ एप्रिल १९१२ च्या रात्री कळली. टायटॅनिकच्या जवळच्या समुद्रात कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फात थांबलेलं होतं. त्याच्या बिनतारी चालकाने टायटॅनिकला बर्फाची खबर द्यायचा प्रयत्न केला. जहाज इतकं जवळ की त्याचा संदेश टायटॅनिकच्या चालकाच्या कानात एकदम मोठ्याने आदळला. तो त्या वेळी प्रवाशांच्या तारा किनाऱ्यावरच्या केंद्राला पाठवण्यात गुंतला होता. मध्ये बोलू नको, मी कामात आहे, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. कॅलिफोर्नियनचा चालक थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपायला गेला. त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळलं. मदतीच्या हाका सुटल्या तेव्हा सगळ्यांत जवळचे कान मिटलेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा केला की परवान्याशिवाय कुणी आकाशात बोलायचं नाही.

आपल्याकडे सरकारला परवान्याची हौस आधीपासूनच. १८८५ चा तार कायदा होताच. १९३३ साली बिनतारी यंत्रांचा वेगळा कायदा आला. त्याप्रमाणे बोलण्याचंच काय, ऐकण्याचं यंत्र घरात ठेवायलाही परवाना लागू लागला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लोक पोस्टात जाऊन रेडिओचं वर्षाचं शुल्क भरत. आमच्या घरातलं ते लहानसं पुस्तक आणि त्यावरची पोस्टाची तिकिटं मला आठवतात. ऐकायलाही सरकारची परवानगी लागते, याचं तेव्हा कुणाला आश्चर्य वाटत नसे.

संस्थानं तर आणखी वेगळी. निजामाच्या हैदराबादेत ३ फेब्रुवारी १९३५ ला रेडिओ सुरू झाला, अवघ्या २०० वॅटचा. आजच्या घरातल्या मिक्सरपेक्षाही कमी ताकद. पुढे औरंगाबादेतही निजामाचं केंद्र झालं. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची जी पाच केंद्रं आकाशवाणीकडे आली, ती म्हणजे हैदराबाद, औरंगाबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोदा. १९४७ मध्ये देशाच्या वाट्याला आकाशवाणीची सगळी मिळून सहा केंद्रं आली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे मराठवाड्याच्या या जुन्या केंद्राचं मोल कळतं. महाराष्ट्रात आम्ही मागासलेले म्हणून ओळखले जातो. रेडिओच्या बाबतीत मात्र पहिल्या पंगतीला बसलो होतो, एवढं अभिमानाने सांगू द्या.

परवाना नसलेला प्रत्येक जण चोरच असतो असं मात्र नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. सरकारी रेडिओ सांगत नव्हता त्या बातम्या त्या सांगत. पोलिसांची माग काढणारी यंत्रं मागे लागली की प्रक्षेपक उचलून दुसऱ्या घरात न्यायचा. नोव्हेंबरात सगळे पकडले गेले. कायद्याच्या पुस्तकात ते आगंतुक होते, आकाशातले घुसखोर. व्यत्यय कोण आणतो आणि आवाज कुणाचा दाबला जातो, हे नेहमी त्या पुस्तकावरून ठरत नाही.

मालकीचा हा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही क्रिकेटच्या निमित्ताने. १९९३ च्या हिरो करंडक सामन्यांचं थेट प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. खंडपीठाचे प्रमुख आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची किंवा कुणा धनिकाची नाही, असं त्या निकालाने सांगितलं. त्या अपुऱ्या असल्यामुळे त्यांचं नियमन हवं, पण ते लोकांच्या हितासाठी. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने याच न्यायालयाने रद्द केले, तेव्हाही वाद याच मालमत्तेच्या वाटपाचा होता.

‘अपुऱ्या’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. लहरी खरंच अपुऱ्या आहेत का?

आमच्याकडे सामाईक विहिरीवर पाळी असते. चार भावांची विहीर, प्रत्येकाचे दिवस ठरलेले. ज्याची पाळी तो पाणी ओढणार. पण पाळीवाला लग्नाला गेला, त्याची मोटर बंद आहे, विहिरीला पाणी टच्च भरलंय आणि शेजारच्या भावाचा कांदा वाळतोय, तर काय करायचं? समजूतदार घरात भाऊ विचारून पाणी घेतो आणि मालकाची मोटर सुरू झाली की आपली बंद करतो. नसमजूतदार घरात कांदा वाळतो आणि पाणी विहिरीत राहतं. कागदोपत्री दोन्हीकडे विहीर ‘वाटून संपलेली’ असते.

आकाशाचं तसंच आहे. वाटपाच्या तक्त्यात एक बोट ठेवायला जागा नाही. प्रत्यक्षात यंत्र लावून ऐकलं तर बऱ्याच घरांत कुणी बोलतच नसतं. जोसेफ मिटोला नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९९९ साली, स्वीडनमधले प्राध्यापक जेराल्ड मग्वायर यांच्यासोबत, एक निबंध लिहिला आणि एका नव्या रेडिओची कल्पना मांडली. त्याचं इंग्रजी नाव कॉग्निटिव्ह रेडिओ. मी त्याला जाणता रेडिओ म्हणतो. हा रेडिओ आधी ऐकतो. कोणतं घर रिकामं आहे ते हेरतो, तिथे हळूच आपलं बोलणं उरकतो, आणि मालकाची चाहूल लागताच उठून दुसऱ्या रिकाम्या घरात जातो. २००८ साली अमेरिकेने टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांमध्ये अशा पाहुण्यांना प्रवेश दिला. कल्पना सोपी वाटते. घोडं पेंड खातं ते दुसऱ्याच ठिकाणी.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेला सातमाळ्याचे डोंगर आहेत. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, खानदेश. समजा एक जाणता रेडिओ घाटाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत बसलाय. तो कान देऊन ऐकतो. जळगावकडचं काही ऐकू येत नाही. तो समजतो, घर रिकामं. बोलू लागतो. पण त्याचा आवाज डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत पोचतो, आणि तिथे बसून जळगाव ऐकणाऱ्या माणसाच्या कानात खरखर सुरू होते. बहिऱ्याला गाव शांतच वाटतं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणी बोलत नाही असं नव्हे. म्हणून एकट्याच्या कानावर भरवसा ठेवायचा नाही. चार ठिकाणचे चार कान जोडायचे, किंवा कुठे कोणतं घर रिकामं आहे याची वही करून ती सगळ्यांना खुली ठेवायची.

ही वही आपल्या महाराष्ट्रात लिहिली गेली आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या टीव्हीच्या पट्ट्याचा देशभराचा हिशोब मांडला. या पट्ट्यात आठ-आठ मेगाहर्ट्झच्या पंधरा वाहिन्या मावतात. पण आपल्याकडे जमिनीवरून टीव्ही दाखवणारं दूरदर्शन एकटंच. २०१४ च्या सुमाराच्या या हिशोबात आढळलं की देशात जवळपास सगळीकडे पंधरापैकी किमान बारा वाहिन्या रिकाम्या आहेत. रिकाम्या म्हणजे अगदी ओस. ज्या गावात फोनला रेंज यावी म्हणून माणूस टाकीवर चढतो, त्याच गावाच्या डोक्यावरचं हे आकाश.

मग त्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या मिळून सात गावांत प्रयोग केला. साल २०१५-१६ च्या सुमाराचं. प्रयोगापुरता परवाना घेतला. खांबावरून टीव्हीच्या लहरींवर इंटरनेट दुसऱ्या गावात न्यायचं आणि तिथून वायफायने वाटायचं, अशी रचना. वायफायच्या लहरी झाडांच्या पानांनाही अडतात; टीव्हीच्या लहरी लांब असतात, झाडीतून, उंचसखल भागातून त्या जास्त पुढे जातात. ग्राममार्ग नावाच्या या प्रकल्पाला २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिलं, सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. पालघरचा आदिवासी पाडा आणि जगाची स्पर्धा, ही बातमी मी तेव्हा दोनदा वाचली होती.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. समजा पाहुण्याला रिकामं घर मिळालं, पण ज्याच्याशी बोलायचं तो फार लांब आहे. आवाज चढवावा तर पलीकडच्या मालकाला त्रास. मग काय करायचं?

मोठ्या मशिदीत किंवा ईदगाहवर, जिथे लाउडस्पीकर नाही, तिथे इमामाचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही. मग मधल्या रांगेतला एक जण इमामाची तकबीर ऐकून जशीच्या तशी मोठ्याने म्हणतो. त्याला मुकब्बिर म्हणतात. कीर्तनात बुवांनी म्हटलेलं चरण मागचे टाळकरी उचलतात. मुशायऱ्यात श्रोते शायराचा मिसरा उचलतात, आणि तो उचलला गेला नाही तर शायराचं काय होतं ते मी अनुभवाने जाणतो. आकाशवाणीत दिल्लीच्या बातम्या आपलं केंद्र पुढे पोचवायचं, त्याला ‘सहक्षेपण’ असा देखणा शब्द होता. रिले म्हणजे हेच. कुणाचा आवाज कमी पडतो, तर मधला माणूस आपला गळा देतो.

मुकब्बिरही दोन तऱ्हेचे असतात. एक जे कानावर पडेल ते तसंच मोठं करून पुढे ढकलतो. इमाम खोकले तर खोकलाही पुढे जातो. दुसरा आधी शब्द समजून घेतो आणि मग स्वच्छ म्हणतो. तिथे खोकला गळतो, पण समजून घेण्यात क्षणभर उशीर होतो, आणि समज चुकली तर चूकच खणखणीत आवाजात पसरते. रेडिओतल्या रिलेंचेही हेच दोन मुख्य घाट आहेत आणि कोणता बरा यावर अभियंते अजून वाद घालतात.

एकाऐवजी चार मुकब्बिर उभे केले तर? चौघे मागेपुढे म्हणाले तर नुसता गलका. एका दमात म्हणाले तर? रेडिओची लहर ही पाण्याच्या लाटेसारखी, तिला उंचवटा आणि खळगा असतो. चार रिलेंचे उंचवटे लांबच्या माणसापाशी एकाच क्षणी पोचले तर लाट चौपट उंच होते, आणि ताकद उंचीच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती एका रिलेच्या सोळापट मिळते. खर्च चौपट, लाभ सोळापट. पण तो ठरावीक दिशेलाच. निसर्ग फुकट काही देत नाही. एकीकडे जे जास्त गेलं ते दुसरीकडे कमी झालेलं असतं. आणि इथेच खरी खुबी आहे. जिकडे कमी जातं ती दिशा आपण निवडू शकतो. प्रत्येक रिलेने किती मोठ्याने आणि किती थांबून बोलायचं हे नीट ठरवलं, तर मालकाच्या श्रोत्यापाशी एकाचा उंचवटा नेमका दुसऱ्याच्या खळग्यात पडतो. तिथे चौघे बोलत असूनही शांतता. चार रिले असतील तर अशा तीन शेजाऱ्यांपर्यंत ही शांतता राखता येते. इंग्रजीत याला बीमफॉर्मिंग म्हणतात, लहरींचा झोत वळवणं. यातला पाया जुना आहे. जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ साली तीन अँटेना ठरावीक अंतराने उभ्या करून लहरी एका दिशेला वळवून दाखवल्या होत्या. १९०९ चं नोबेल पारितोषिक मार्कोनीसोबत त्यांनाही विभागून मिळालं. नाव मात्र मार्कोनीचंच राहिलं.

गेल्या वीसेक वर्षांत जाणता रेडिओ आणि वळवलेला झोत यांची सांगड घालणारे शोधनिबंध ढिगाने निघाले. त्यातली गणितं माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसाच्या डोक्यावरून जातात. पण अडचण काय आहे ते कळतं. ५०० मेगाहर्ट्झची लहर साठ सेंटिमीटर लांब असते. म्हणजे वाट अर्ध्या लहरीने, तीस सेंटिमीटरने बदलली की उंचवट्याच्या जागी खळगा येतो आणि बेरजेची वजाबाकी होते. रस्त्यावरून एसटी गेली, वाऱ्याने बाभूळ हलली, की हिशोब बदलला. चारही रिलेंची घड्याळं सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत जुळायला हवीत. भरीला मालकाचा आवाज रिलेच्या कानातही शिरतो. म्हणजे पाहुणा मालकाला सांभाळतोय आणि मालकाचं बोलणं पाहुण्याचा संदेश बिघडवतंय. आणि मालकाच्या श्रोत्यापर्यंतची वाट कशी आहे हे रिलेने ओळखायचं कसं? तो श्रोता काही बोलत नाही, तो फक्त ऐकतो. कागदावर ही वाट ‘माहीत आहे’ असं धरून पुढे जाता येतं. खामलोलीत तसं धरता आलं नसतं, आणि कोणतं घर रिकामं याची वही हा साधा मार्ग गावाकडे आधी पोचला, याचं मला नवल वाटत नाही.

कायदाही हळूहळू विहिरीच्या पाळीकडे वळला आहे. २०२३ च्या डिसेंबरात संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. १८८५ आणि १९३३ चे ते दोन म्हातारे कायदे त्याने निवृत्त केले. त्याच्या सातव्या कलमात म्हटलंय की एकाला दिलेल्या लहरी सरकार दुसऱ्यालाही, दुय्यम म्हणून, देऊ शकेल. अट एकच, पहिल्याला हानिकारक व्यत्यय येता कामा नये. ज्याने लहरी घेऊन नुसत्या ठेवल्या त्याच्याकडून त्या परत घेण्याची सोयही त्याच कलमात आहे. कायद्याच्या भाषेतला ‘हानिकारक व्यत्यय’ वाचून मला १५२१ वरची ती रात्र आठवते. अब्बांना जो हानिकारक, तो दादीला मक्केचा आवाज. हानी किती आणि कुणाची, हे मोजणार कोण? बलाढ्य कंपनीकडे मोजायला यंत्रं आणि भांडायला वकील असतात. पाड्यावरच्या ग्रामपंचायतीकडे दोन्ही नसतं. या कलमाचे लाभ कुणाच्या पदरात पडतात हे त्या मोजणीवर ठरणार आहे.

दरम्यान घरं आणखी रिकामी झाली आहेत. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत, मोजके सोडून, बंद झाले. मध्यम लहरींचे कितीतरी प्रक्षेपकही गेल्या काही वर्षांत मुके झाले. सुरुवातीला मी आकड्यांना ‘जुने’ म्हटलं ते म्हणूनच.

पण ‘रिकामं’ म्हणताना एका शेजाऱ्याला विसरून चालणार नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. चौदा तबकड्या एका चौकात आणि बाकीच्या तीन बाजूंना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. या तिसांच्या कानावर पडलेलं योग्य तेवढं थांबवून एकत्र मिळवता येतं. म्हणजे आपल्या चार मुकब्बिरांची करामत उलट्या बाजूने, बोलण्याऐवजी ऐकण्यासाठी. परिसरात विजेच्या तारेवर ठिणगी उडाली किंवा एखाद्या घराच्या गच्चीवरचा टीव्हीचा बूस्टर बिघडला तरी या दुर्बिणीला ती बोंब वाटते. ४७० ते ५९० हा जो रिकामा पट्टा आपण मघाशी मोजला, तोही तिच्या ऐकण्याच्या टापूत येतो.

आणि ती एक शब्दही बोलत नाही. घर रिकामं आहे का हे कान देऊन ठरवणारा जाणता रेडिओ खोडदच्या शिवारात गेला तर त्याला शांततेखेरीज काही ऐकू येणार नाही, आणि तो खुशाल बोलू लागेल. तिथे त्याचे कान कामाचे नाहीत. वहीतच तशी नोंद हवी.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याच्यावरचा छोटा प्रक्षेपक काही वॅटचा, निजामाच्या पहिल्या रेडिओच्या पासंगालाही न पुरणारा. त्याची ४०१ मेगाहर्ट्झवरची कुजबुज कोट्यवधी किलोमीटरवरून पृथ्वीवर थेट ऐकण्याचं काम खोडदकडे होतं. ती तिथे ऐकू आली. यान वातावरणात शिरलं, त्याची हवाई छत्री उघडली, तोवर येत राहिली. मग उतरायला मिनिटभरही राहिलं नसताना थांबली. यान मंगळावर आदळलं होतं.